राजकन्येचा नवा भाग

उज्वलाला एकटीनं निफाडला जायची सोय नव्हती. नवराच दर बाजाराला सायबर कॅफेतून राजकन्येच्या चित्रकथेचा नवा भाग छापून आणायचा आणि ती तो अडाणी सासूला वाचून दाखवायची. "कधी सुटंल गं ही पोर गढीतून?" म्हणत लंकाबाई डोळ्याला पदर लावायच्या.

आज राजकन्या मागच्या दारानं घोड्यावर बसून पळाली. पण उद्या पहाटे उज्वलालाही मागच्याच दारानं माहेरी, वणीला पळायचं होतं. ती म्हणाली, "अजून कोंडलेलीच आहे, आई."

लंकाबाईंनी कागद हातात घेऊन बराच वेळ निरखला. मग उठून मागच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.


"अक्षर नाय कळत मला, पण चित्र कळतं."