गाडी कुणाची

बॉनेट उघडलं आणि वाफेचा लोट थेट बाळासोच्या पांढऱ्या शर्टावर आला. तो मागं उडाला, आणि आधी कुणी बघितलं का म्हणून त्यानं रस्त्याकडं नजर टाकली. मागच्या सीटवर त्याची आई, धोंडुबाई, बसली होती. तिनं बघितलं होतं.

उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत रांगत गाडी रहिमतपूरच्या अलीकडं या गॅरेजपर्यंत कशीबशी आली होती. पुढं बसलेली सून, स्वप्नाली, सारखी घड्याळ बघत होती. गावची सरपंच ती. बाराला साताऱ्यात नळाच्या योजनेची बैठक होती, आणि साहेबांनी बजावून ठेवलं होतं, सरपंचबाईंनी स्वतः यायचं, नवऱ्याला पाठवायचं नाही. ती आली नाही तर योजना शेजारच्या गावाला. उभा जन्म ओढ्यातल्या झऱ्यावरून घागरी वाहिलेली धोंडुबाई म्हणूनच हट्टानं बरोबर निघाली होती. साहेबापुढं चार शब्द बोलायची तयारी करून.

मिस्त्री नाथाजीनं इंजिन निवू दिलं, मग फडकं धरून रेडिएटरचं झाकण सैल केलं. पाणी भरलं. पाइप दाबून बघितले. गाडी चालू केली.

"कूलंट बदल," बाळासो म्हणाला. "थर्मोस्टॅट गेला असंल. विकताना फसवलं मला त्यांनी."

"कुणी फसवलं न्हाई. पाणी हाय, पंखा झकास फिरतोय." नाथाजीनं टपरीवरचं जुनं वर्तमानपत्र आणलं आणि एक पान फाडून गाडीच्या तोंडापुढं धरलं. "पंखा वारा आत वढतो. कागद जाळीला चिकटाय पायजे. बघा."

पण जाळी दिसतच नव्हती. तिच्यापुढं या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत स्टीलची पाटी होती. पाटीवर लाल अक्षरांत 'सरपंच'. नाव कुणाचंच नव्हतं. कागद पाटीवरून घसरला आणि मातीत पडला.

"वारंच जात न्हाई आत," नाथाजी म्हणाला. "मानसाच्या नाकातोंडाला पाट बांधून खिंड चढवली, तर त्यो काय गाणं म्हनंल व्हय? काढा ही पाटी."

"वेल्डिंग केलीया ती."

"ग्राइंडर हाय की. च्या येईस्तोवर कापतो."

बाळासोनं पाटीवर हात ठेवला, तान्ह्या पोराच्या टाळूवर ठेवावा तसा. "कराडात मुद्दाम करून घेतलीया, गड्या. रात्री अक्षरं उजळत्यात."

"ती रात्री उजळत्यात, आन् गाडी दिवसा जळतीया."

"तू पाणी घाल अजून. निवल्यावर जातो आमी."

"जा की. फुडच्या चढाला परत हितनं धूर."

धोंडुबाईनं दार उघडलं. "बाळ्या, काढ ती पाटी."

"आई, पाटी काढल्यावर गाडी कुणाची ते गेटवर कळायचं कसं?"

"आत सरपंच बसलीया की जिती-जागती."

"तुला राजकारण कळत न्हाई. गप बस."

तिच्या मालकाचं विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते तापलं, की मालक तोंडाजवळ नेलेला तांब्या खाली ठेवून आधी त्याला पाणी द्यायचे, मग उकिडवे बसून काय अडलंय ते बघायचे. तासतासभर. एवढ्या सरळ माणसाच्या पोटी हे ध्यान कुठून आलं, याचा धोंडुबाईला इतक्या वर्षांत पत्ता लागला नव्हता.

स्वप्नाली खाली उतरली. "आवं, उशीर हुतोय. कापू द्या की त्यांस्नी."

"तू गाडीत बस. मी बघतोय न्हवं?"

ती गाडीत बसली नाही. रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. वळणावरून साताऱ्याची एस.टी. आली, तसा तिनं हात केला. एस.टी. थांबली.

"अगं ए! सरपंच काय एश्टीनं जाती व्हय? लोक काय म्हनतील?"

"आली म्हनतील," स्वप्नाली म्हणाली. मग सासूकडं वळली. "आत्या, येताय?"

"माझं गुडघं न्हाई त्या पायऱ्या चढायचं. तू हो फुडं. आन् नळ घेऊनच ये, न्हाईतर घरी येऊ नगंस."

स्वप्नाली हसली आणि चढली. कंडक्टरनं घंटी मारली.

नाथाजी ग्राइंडरची वायर गुंडाळू लागला. बाळासो हातात पाण्याचा मग धरून तसाच उभा होता, धूळ खात. तेवढ्यात उसाची एक ट्रॉली डुलत आली. ट्रॅक्टरवाल्याची नजर आधी पाटीवर गेली, मग माणसावर.

"राम राम, सरपंच!"

बाळासोनं हातातला मग बॉनेटच्या कडेला ठेवला, ओला शर्ट खाली ओढला आणि छातीशी दोन्ही हात जोडले.