एका फेरीचं अंतर

"तेहेतीस इंची टाका," तातेराव म्हणाले. "आणि रिम रुंद."

टायरवाले पाशामियाँ हसले. बाकीची गिऱ्हाइकं मोबाइलवर फोटो दाखवतात, पाटलांना तर माप तोंडपाठ आहे, असं ते म्हणाले. त्यावर तातेरावांनी सांगितलं की सहा वर्षांमागं त्यांनी स्वतःच्या जीपला हेच माप बसवून घेतलं होतं. मळ्याच्या वाटेवर ओढा होता आणि कंपनीचे टायर काळ्या मातीत रुतून बसायचे. ते काम जालन्याहून परतताना रस्त्याकडेच्या एका दुकानात तासाभरात उरकलं होतं.

आजची जीप त्यांच्या मुलीची होती. आकांक्षा जनावरांची डॉक्टर. पावसाळ्यात तीर्थपुरीच्या आसपासच्या वस्त्यांवर अडलेल्या गाईपर्यंत पोचायचं तर चिखलातून जाणारी गाडी हवीच. पुढच्या महिन्यात लग्न होतं. त्याआधी हे काम व्हावं, ही तातेरावांचीच इच्छा.

वडीगोद्रीचा तो दिवस मोठा प्रसन्न होता, निदान तातेरावांना तसा वाटत होता. पाशामियाँच्या दुकानासमोरच बस थांबायची आणि साडेबाराच्या बसनं त्यांचा मुलगा सोमेश्वर येणार होता. सहा वर्षांनी.

पाशामियाँनी चाकं उतरवली, स्प्रिंगा उचलून घेतल्या, स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर कुठं घासतो ते पाहिलं आणि मडगार्डची कड कापायला घेतली. त्यांचे हात चालत राहिले आणि तातेराव बोलत राहिले. एरवी घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर न नेणारा माणूस. पण आज त्यांना राहवलं नाही.

सहा वर्षांमागं तातेरावांची ती जुनी जीप घेऊन सोमेश्वर आईला, पुष्पाबाईंना, अंबडच्या दवाखान्यात नेत होता. नवे टायर बसवून आठ दिवसही झाले नव्हते. वळणावर जीप उलटली आणि पुष्पाबाई जागच्या जागी गेल्या. आई गाडीत असली की काटा साठच्या पुढं न्यायचा नाही, एवढा एकच नियम तातेरावांनी मुलाला घालून दिला होता. सोमेश्वर शपथेवर सांगत होता की काटा साठवरच होता. पण वाटेवरच्या एका हॉटेलाच्या कॅमेऱ्यावरून पोलिसांनी वेग काढला, तो निघाला सत्तर.

तातेराव गावात बांधाच्या भांडणात पंच म्हणून बसत. दोन्ही बाजू त्यांचा शब्द मानत. कागद एक सांगतो आणि माणूस दुसरं, तेव्हा काय समजायचं, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. दहाव्याला सगळ्या भावकीसमोर त्यांनी मुलाला विचारलं. सोमेश्वरनं तेच उत्तर दिलं. चूक पोटात घालता येते, खोटं घालता येत नाही, असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. तेरावं झालं आणि सोमेश्वर पुण्याला निघून गेला.

त्यानंतर दर दिवाळीला आकांक्षा भावासाठी रदबदली करी आणि दर दिवाळीला तातेरावांचं उत्तर एकच असे. त्यानं एकदा कबूल करावं, मी स्वतः त्याला आणायला जाईन.

"मंग केलं का कबूल?" पाशामियाँनी विचारलं.

"परवा फोन आल्ता. म्हणला, बाबा, काटा साठच्या पुढं होता, मी खोटं बोललो." तातेरावांनी बस येण्याच्या दिशेला रस्त्याकडं पाहिलं. "सहा वर्षं लागली त्याला. पण बोलला."

आकांक्षा गाडीच्या पलीकडं उभी होती. दादाशिवाय मी मांडवात उभी राहणार नाही, असं तिनं भावाला आणि वडिलांना, दोघांनाही निक्षून सांगितलं होतं. दोघांपैकी कुणी वाकावं, हे मात्र तिनं सांगितलं नव्हतं.

चारही चाकं बसली. जीप चार बोटं उंच दिसू लागली. तातेरावांनी किल्लीसाठी हात पुढं केला, पण पाशामियाँनी ती दिली नाही.

"थांबा पाटील. आमच्याकडं एक दस्तूर आहे, त्याच्याबिगर गाडी सोडत न्हाई मी."

त्यांनी उतरवलेला जुना टायर आणि स्टेपनीचा नवा टायर शेजारी शेजारी उभे केले, दोन्हींवर खडूनं खूण केली आणि एकाच रेघेवरून दोन्ही एकेक फेरी फिरवले. नवा टायर हातभर पुढं जाऊन थांबला.

"बघ बेटी. टायर मोठा, तर एका फेरीत जास्ती रस्ता जातो. मीटर नुसत्या फेऱ्या मोजून राह्यलं, टायर बदलला हे त्याला काय मालूम? काटा साठवर दिसंल तवा गाडी सत्तरनं पळत आसंल. आजपासून काट्यावर इमान ठेवू नको."

आकांक्षानं मान हलवली. तातेराव जमिनीवरच्या दोन खुणांकडं पाहत होते.

"पुन्हा फिरवा," ते म्हणाले.

पाशामियाँनी पुन्हा फिरवून दाखवलं. अंतर तेवढंच राहिलं.

"समद्याच गाड्यांचं असं होतं?"

"बिलकुल. बसवणारानं सांगायचं आसतं. समदे सांगत न्हाईत."

समोर बस थांबली. दाराशी उभा असलेला माणूस उतरला. तिशी ओलांडतानाच त्याच्या कानांशी केस पिकले होते. तातेराव रस्ता ओलांडून गेले, मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगाही त्यांना ऐकू आला नाही. त्यांना काही बोलायचं होतं. त्यांनी त्याच्या खांद्याकडं हात नेला. तोवर सोमेश्वरनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं.

"बाबा," तो खालूनच म्हणाला, "त्याच दिवशी खरं बोलायला पाहिजे होतं मी."