जावयाची तालीम

उद्याच्या भाषणाची तालीम करायला जावयाला समोर कुणीतरी हवं होतं आणि लेक नेमकी दौऱ्यावर गेलेली. म्हणून सासूबाईच शाल लपेटून खुर्चीत बसल्या.

“मध्ये बोलायचं नाही हं, आई. माझी गाडी घसरते,” त्यानं बजावलं आणि भिंतीवर पहिलं चित्र उमटवलं.

तो ‘स्तनाचा कर्करोग’ इतक्या सहज म्हणाला, की सासूबाईंनी नजर खिडकीकडे वळवली.

“पेशीत एक पहारेकरी जनुक असतं. गाठ धरायला लागली की ते बोंब मारतं. मायक्रोआरएनए हा रेणू एवढासा, पण तो त्या पहारेकऱ्याचं तोंडच दाबून धरतो. मग काय, गाठीला मोकळं रान! ती वाढते, अंगभर पसरते, आणि कुणाला पत्ताही नसतो. कळलं ना, आई?”

“त्या पहारेकऱ्याला पुन्हा बोलतं करता येतं का?”

“आम्ही अजून उंदरांवरच अडकलोय. पण वेळेवर कळलं, तर बाई खडखडीत बरी होऊ शकते.”

सासूबाईंनी तोंड उघडलं. जावयासमोर तो शब्द काही जिभेवर येईना.

“दौऱ्यावरून ती कधी यायची हो?”

“महिनाभर तरी नाही. का?”

“काही नाही. सहज.”

शालीखाली, वाटाण्याएवढ्या गाठीवर ठेवलेला त्यांचा हात तिथंच राहिला.

“तुमच्यासारखं ऐकणारं माणूस नाही, आई,” जावई खुशीत म्हणाला. “भाषण चालू असताना चकार शब्द काढला नाहीत!”