लांबचा पास

फ्रिस्कोतल्या शाळेच्या मैदानाबाहेर सिद्धेश रागाने नुसता धुमसत होता. त्याची मुलगी अहिल्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमची क्वार्टरबॅक होती, पास फेकायचं काम तिचंच. तिचे छोटे पास अडवायला समोरच्या मुली सगळ्या पुढे सरकल्या होत्या. मागे मैदान मोकळं पडलं होतं, आणि ही तरीही जवळच्याच मुलीकडे बॉल टाकत होती.

"अगं, लांब फेक! मागे काळं कुत्रंही नाहीये!" तो घसा फुटेस्तोवर ओरडला.

हाफटाइम होताच तो तरातरा कोचबाईंकडे गेला. "माझ्या मुलीवर भरवसा नाही का तुमचा? एकदाही लांबचा पास फेकायला का सांगत नाही तिला?"

"मी मघापासून लांबचाच सांगतेय," त्या म्हणाल्या. "तीच फेकत नाही."

सिद्धेशचा पारा आणखी चढला. तो अहिल्याकडे वळला. "घाबरतेस कशाला एवढी? पास चुकला तर कोच काय खाणार आहेत तुला?"

अहिल्या बुटाची नाडी बांधायला वाकली.

"कोच इज फाइन, बाबा. पण पास चुकल्यावर घरी मला तुझ्या गाडीतून जायचं असतं."