पांढऱ्या ठिपक्याची पाहुणी

"अजून नाही आली," खाटेजवळ खुर्ची ओढत ऑरिन म्हणाला. गळ्यात कॅमेरा होताच. दवाखान्यातही तो कॅमेरा घालून येतो म्हणून लुपिता नर्स त्याला 'वार्ताहर' म्हणायची.

वर्नाने पांघरूण सारखं केलं. "येईल रे. यंदा वारा किती सुटलाय."

"एप्रिल सरत आला, वर्ना."

ती येणार नव्हती. आणि का येणार नव्हती, हे वर्नाला पक्कं ठाऊक होतं.

ॲरिझोनाच्या दक्षिण टोकाला, ओढ्याकाठी, दोघांची घरं एकाच कुंपणाला लागून. आठ वर्षांपूर्वी ऑरिनची बायको आयडेला गेली, आणि या माणसाने पडदे ओढून घेतले. डब्यातल्या घेवड्यावर जगायचा. मुलाचा फोनसुद्धा उचलायचा नाही.

वर्ना तेव्हा पक्षी मोजायचं काम करायची. अंगठ्याएवढा हमिंगबर्ड पक्षी धरायचा, पायात इवलीशी कडी घालायची, डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावायचा आणि सोडून द्यायचा. ठिपका दिसला की मोजलेलाच पुन्हा धरायला नको. त्यातलीच एक चिमुरडी कुंपणावरून ऑरिनच्या बागेत गेली.

कित्येक महिन्यांनी ऑरिन घराबाहेर पळत आला. "वर्ना, अगं बघ! डोक्यावर पांढरं! आयडेला आली!"

आयडेलाच्या कपाळावर तरुणपणापासून पांढरी बट होती. 'अरे वेड्या, रंग आहे तो माझा,' हे वर्नाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्याच दिवशी ऑरिनने दाढी केली, माळ्यावरचा कॅमेरा काढला आणि बागेत खुर्ची टाकून बसला. वर्नाने शब्द गिळले, ते कायमचेच.

थंडीत पाखरं दक्षिणेला जातात, पिसं झडतात, ठिपका जातो. म्हणून दर वसंतात वर्ना आपल्या परसात जाळीचा पिंजरा टांगायची, आत साखरपाण्याची बाटली. दाराची दोरी हातात धरून झुडपाआड बसायची. पाखरू आत शिरलं की दोरी सोडायची. मग एक ठिपका, आणि भुर्रर्र. मादीच हवी, पांढुरक्या गळ्याची. जांभळ्या गळ्याचा नर आयडेला म्हणून कसा खपणार? कामातून निवृत्त झाली, परवाना संपला, तरी हा एक चोरटा उद्योग चालूच राहिला.

यंदा मार्चमध्ये पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिच्या घराची किल्ली ऑरिनकडेच होती. तिच्या बागेतल्या बाटल्याही तोच इमानेइतबारे भरत होता.

"मुलाचा काल परत फोन आला," ऑरिन म्हणाला. "मिनेसोटाला ये म्हणतो. वरची खोली रंगवून ठेवलीय."

"तिथे बर्फात कशाचे फोटो काढशील? फावड्याचे?"

"नातवंडं आहेत की."

"ती काय फोटोला एका जागी बसणार आहेत?"

"हमिंगबर्ड बसतात होय?" तो हसला. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "मी ठरवलंय, वर्ना. ती आली तर राहीन. नाही आली, तर समजेन की तिने मला मोकळं केलं."

तो गेल्यावर वर्ना छताकडे बघत पडून राहिली. तिला भीती वाटत होती, सरळसरळ भीती. ना मूल ना बाळ. घरी जायचं ते कशासाठी? सकाळी कुंपणापलीकडून 'कॉफी झाली का गं?' अशी हाक येते म्हणून ती उठायची. खरं सांगावं तर ती आठ वर्षं खोटी ठरणार, आणि तो त्याहून लवकर जाणार. स्वतः जाऊन ठिपका लावावा तर पाय हलत नाही. काय करावं माणसाने?

दुसऱ्या दिवशी ऑरिन आला नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही.

"वार्ताहर कुठे गेले?" लुपिताने विचारलं.

"सामान बांधत असेल," वर्ना म्हणाली. जेवणाचं ताट तिने तसंच परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मान उन्हाने भाजलेली, पँटला काटे चिकटलेले.

"आली!"

"काय सांगतोस!"

त्याने कॅमेरा तिच्या डोळ्यांपुढे धरला. लाल फुलांच्या काठीवर पाखरू पाठमोरं बसलं होतं, आणि डोक्यावर स्वच्छ पांढरा ठिपका.

वर्नाने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तिने तर काहीच केलं नव्हतं. गेल्या वर्षीचं एखादं पीस झडायचं राहिलं असेल? छे, असं कधी होत नाही. जन्मभर कडी घातल्याशिवाय पाखरूही न मोजणारी ही बाई हळूच म्हणाली, "आयडेला..." आणि तिचे डोळे भरून आले.

"मुलाला कळवून टाकलं," ऑरिन म्हणाला. "म्हटलं, आली रे बाबा, आता मी काही येत नाही. तू चालायला लाग लवकर. बागेची नुसती वाट लागलीय."

रडत रडत हसत वर्नाने कॅमेरा आपल्या हातात घेतला. "आण इकडे, नीट बघू दे."

"तेवढा एकच बरा आलाय," तो घाईने म्हणाला आणि हात पुढे केला. पण वर्नाने बटण दाबलं होतं.

पुढच्या फोटोत पाखराने मान वळवली होती. उन्हात गळा लखलखीत जांभळा दिसत होता.

वर्नाने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"ऑरिन," ती म्हणाली, "हा नर आहे."

ऑरिनने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय करू? दोन दिवस दोरी धरून बसलो," तो म्हणाला. "तुझ्या त्या पिंजऱ्यात दुसरं कोणी शिरेचना."