आजीचं लायसन्स

वाग्नेर आरशासमोर उभा राहून गालांवर देशाच्या झेंड्याचे हिरवे-पिवळे पट्टे ओढत होता. मंत्र्यांनी खाल्लेल्या पैशांविरुद्ध आज अख्खं साओ पाउलो रस्त्यावर उतरणार होतं. तेवढ्यात आजीनं तिच्या जुन्या गाडीची किल्ली त्याच्यापुढे धरली.

"घे. विकून टाक ती."

"का गं? मग चर्चला कशी जाशील?"

"लायसन्स काढून घेतलं रे माझं. सांतोसच्या हायवेवर मी म्हणे सुसाट गाडी पळवते. तेही एकदा नाही, सारखीच!" आजी हसली. "मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, बाळा. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी तर ती मलाही ओळखेना."

वाग्नेरचा हात गालावरच थांबला. "अगं, त्यांचीच काहीतरी चूक असेल."

"सरकारी माणसं कशाला उगाच माझं नाव घेतील? जाऊ दे. तू नीघ, उशीर होईल. आणि त्या चोरांना माझ्याही वाटच्या दोन शिव्या घाल." तिनं त्याच्या खांद्यांवर झेंडा नीट बांधून दिला.

मोर्चात हजारो लोक गळा फाडून ओरडत होते, "चोरांनो, कबूल करा!" वाग्नेरचं तोंड काही उघडेना.

हायवेवरच्या कॅमेऱ्यात त्याची सुसाट गाडी सापडली की स्वतःचं लायसन्स वाचवण्यासाठी, सगळेच करतात तसं, 'गाडी आजी चालवत होती' असं त्यानंच ऑनलाइन कळवलं होतं. दर वेळी.