एका होडीपुरती जागा

किनमेन बेटावर ओहोटी लागली की शहाऐंशी वर्षांची ग्योकीआजी शिंपल्यांतली कालवं काढायला उतरायची. आज मागोमाग बेटावरच्या लष्करी तुकडीचा कॅप्टनही उतरला. दोन महासत्तांची जुंपली, तर समोरच्या किनाऱ्यावरून शत्रूच्या पहिल्या बोटी इथेच लागणार. त्या अडवायला वाळूत लोखंडी सुळे ठोकायचे होते. "आजी, सगळीकडे कालवं वाढवायला दगड रोवलेत, मधला पट्टा मोकळा का?" "दादाच्या होडीसाठी. दिव्याचं तेल आणायला पलीकडे शियामेनला गेला, तेवढ्यात तिकडे सरकार पालटलं अन् समुद्र बंद झाला. दहा वर्षांची होते मी." कॅप्टन हसला. "आता घरोघरी वीज आहे, आजी." "तेलाची कोण वाट बघतंय?" कॅप्टनचं हसू मावळलं. पण होडी लागायला सगळ्यांत सोपी जागा तीच होती. त्याने तिथे सुळ्यांच्या खुणेचं लाल निशाण रोवलं. आजीने सुरी बाहीला पुसली. "ठोक बाबा," ती म्हणाली, "आजची भरती तेवढी येऊन जाऊ दे."